पाच वेळा ‘का?’ विचारूया

वॉर्डात औषध चुकलं की ‘कोण चुकलं?’ यापेक्षा ‘का चुकलं?’ हे पाच वेळा विचारायला आम्ही परिचारिका शिकलो. टोयोटाच्या कारखान्यातली ही रीत. खोट बहुधा माणसात नाही, व्यवस्थेत सापडते.

वस्तीतलं मूल मागे पडलं की मात्र दोष मुलाचाच! फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने सरकारी-अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांतून सूट दिली. पालक कोर्टात गेले. जुलैत उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली.

बीएस्सी नर्सिंगला बारावी विज्ञान लागतं. त्याची वाट पहिलीपासूनच सुरू होते. म्हणून अर्ज भरा. प्रवेश नाकारला, तर कारण लेखी मागा. ‘का?’ विचारणं हा आपला हक्क आहे.