पऱ्हाटीच्या चकतीची रुजवात

डिसेंबर 2023 च्या पहिल्या आठवड्यात, संयुक्त राष्ट्रांच्या अठ्ठाविसाव्या हवामान परिषदेच्या निमित्ताने, दुबईच्या एक्स्पो सिटीत जगभरातून जी हजारो माणसे एकत्र आली होती, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान कारखान्याचा चालक म्हणून मीही होतो. आणि माझ्या पिशवीत, घरून निघताना वर्तमानपत्रात गुंडाळून घेतलेली, 90 मिलिमीटर व्यासाची व दोन बोटे जाडीची, पऱ्हाटीपासून केलेल्या पांढऱ्या कोळशाची एक चकती होती.

कपाशीची शेवटची वेचणी झाल्यावर शेतात उभी राहणारी पऱ्हाटी आमच्याकडील शेतकऱ्याला नकोशीच असते, कारण तिच्यावर राहून गेलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढल्या हंगामात पुन्हा पिकावर येते. म्हणून ती उपटून बांधावर पेटवून देण्याचा प्रघात पडून गेला आहे, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला संध्याकाळी गावोगाव तो धूर दिसतो. तीच पऱ्हाटी कुटून, वाळवून, यंत्राच्या दाबाखाली घातली म्हणजे दाबाबरोबर उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने लाकडातील नैसर्गिक चिकट द्रव्य मऊ होते, आणि डिंक वा रसायन काहीही न मिसळता तिची घट्ट कांडी बनून ती बॉयलरमध्ये दगडी कोळशाच्या जागी जळू शकते. वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच पऱ्हाटी जळताना हवेला परत करते. खाणीतला कोळसा मात्र कोट्यवधी वर्षे भूगर्भात मिटून राहिलेला कार्बन नव्याने वर आणतो. माझ्या धंद्याचे सारे समर्थन एवढ्या एका भेदावर उभे आहे, आणि तो भेद समजणारी माणसे जिथे जमतील तिथे आपला परिचय व्हावा, त्यांतून एखादा सहकारी वा भांडवलदार मिळावा, या हेतूने मी स्वखर्चाने गेलो व शारजात राहणाऱ्या मावसभावाकडे उतरलो.

परिषदेचे दोन विभाग होते. निळ्या विभागात राष्ट्रांच्या वाटाघाटी चालत आणि तिथे संयुक्त राष्ट्रांच्या अधिकृत ओळखपत्राखेरीज प्रवेश नसे. हरित विभाग यजमान देशाच्या व्यवस्थेखालचा, दिवसाच्या परवान्यावर सर्वांना खुला. मी तीन दिवस या दुसऱ्या विभागात हिंडलो. जो भेटे तो सौजन्याने हात मिळवी, मोबाइलवर माझे नाव-पत्ता टिपून घेई, आणि मग दोन प्रश्न ठरलेले असत: वर्षाला किती टन कार्बन वाचतो व त्याचा दाखला कोणाचा, हा पहिला, भांडवल किती हवे, हा दुसरा. वाळवणीची शेड आणि कुटी करणारी दोन यंत्रे यांसाठी मला साठ लाख रुपयांची गरज होती. परिषदेच्या दुसऱ्याच दिवशी यजमान राष्ट्राने 30 अब्ज डॉलरच्या हवामान-निधीची घोषणा केलेली होती, आणि त्या भाषेत बोलणाऱ्या माणसांपुढे माझी रक्कम सांगितली की संभाषण तिथेच थांबे. एका गुंतवणूक संस्थेतील गृहस्थांनी मात्र जवळ बसवून घेऊन मला समजावले, की साठ लाखांची छाननी करण्यास जेवढे कागद, जेवढे दिवस व जेवढे तज्ज्ञ लागतात, जवळजवळ तेवढेच साठ कोटींना लागतात, सबब लहान प्रकरण त्यांच्या हिशेबात बसतच नाही. त्यांच्या बोलण्यात तुच्छता नव्हती. ते खरे सांगत होते, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाण्याच्या नळापाशी एका केनियन बाईंची गाठ पडली. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी त्या उसाच्या चिपाडांपासून इंधन करतात. मी चकती पुढे करताच त्यांनी ती हातात घेतली, कडेला नखाने खरवडून पाहिली, नाकाशी नेली, आणि विचारले, "पावसाळ्यात हिला ठेवता कुठे?" तीन दिवसांत हा प्रश्न दुसऱ्या कोणीही विचारला नव्हता. ओल लागली की चकती फुगते, फुगली की तिचा भुसा होतो, आणि जून ते सप्टेंबर हाच आमच्या नुकसानीचा काळ. मग तिथेच बाकावर बसून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जमिनीपासून हातभर उंच घेतलेल्या फळ्या, ताडपत्रीखाली वाऱ्याला ठेवलेली वाट आणि गिऱ्हाइकाने थकवलेले पैसे यांविषयी आम्ही तासभर बोललो. दाखल्याचा प्रश्न त्यांच्यापुढेही तसाच उभा होता.

या दाखल्यासंबंधीच मला आग्रहाने लिहावयाचे आहे. कार्बन वाचवल्याची तसदीक करणाऱ्या संस्थेचे शुल्क कारखाना लहान असला म्हणून त्या प्रमाणात उतरत नाही, आणि वाचवलेल्या कार्बनची किंमत त्या शुल्काला पुरत नाही. अनेक लहान घटकांची एकत्र नोंदणी करण्याची तरतूद क्योटो कराराखालच्या यंत्रणेतही होती. उणीव आहे ती त्या सर्वांना एका दप्तराखाली आणणाऱ्या स्थानिक मध्यवर्ती संस्थेची. महाराष्ट्राला ही कल्पना नवी वाटू नये. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा ज्याला एकट्याने सावकाराच्या दारी उभे राहावे लागत असे, अशाच शेतकऱ्याच्या लहान भागावर त्यांनी भिस्त ठेवली होती.

आणि पुरावे तर आपल्या जिल्ह्यांत आजच पडून आहेत. 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत कोणत्या गटात किती कपाशी होती याची नोंद मिळते. पऱ्हाटी किती आली हे वजनकाट्याची पावती सांगते. बॉयलरवाल्याच्या वहीत कोळशाऐवजी काय व किती जाळले ते लिहिलेले असते. या तीन कागदांची एकमेकांशी रुजवात घालण्याचे काम जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे सोपवावे, त्यासाठी लागणारा खर्च शासनाने पहिली पाच वर्षे उचलावा, आणि पंचवीस-तीस कारखान्यांचा मिळून एकच दाखला निघावा, अशी माझी मागणी आहे. पुढील परिषदेस राज्याचे शिष्टमंडळ जाईल तेव्हा त्याने माझ्यासारख्या एकट्यादुकट्याला सोबत नेण्याऐवजी तो एकत्रित दाखला न्यावा; साठ कोटींखाली न पाहणाऱ्या गृहस्थांना मग तो पाहता येईल.

त्या बाईंनी पाठवलेल्या छायाचित्रावरून गेल्या वर्षी मे महिन्यात मी बांबूचे मचाण बांधून घेतले. त्या पावसाळ्यात माल पुष्कळसा वाचला. हंगामातल्या काट्याच्या पावत्या, शेतकऱ्याचे नाव व गट क्रमांक घालून, महिन्यावार दोऱ्याने बांधून माझ्या टेबलाच्या खणात ठेवलेल्या आहेत.