हरणामागचा डोंगर

वन्यजीव सप्ताह सुरू झाला आहे. २ ते ८ ऑक्टोबर या सात दिवसांत शाळांतून फेऱ्या निघतील, व्याख्याने होतील आणि गावोगावी वन्यप्राण्यांच्या छायाचित्रांची प्रदर्शने भरतील. आपल्या भागातल्या प्रदर्शनात सागरेश्वरचे चितळ असणारच. झुडपातून मान वर काढलेले, कान टवकारलेले, अंगावरचा एकेक ठिपका मोजता यावा इतके स्पष्ट आणि मागचे सगळे धूसर. असे चित्र मिळवायला पहाटेचा गारठा सोसावा लागतो, तासन् तास बसून राहावे लागते, हे आम्ही जाणतो आणि त्या चिकाटीचा आदर करतो. तरीही या सप्ताहात बोलायचे आहे ते त्या धूसर केलेल्या भागाबद्दल. कडेगाव तालुक्यातल्या हरणाची गोष्ट समजून घ्यायची तर त्याच्या मागचा डोंगर पाहावा लागतो आणि त्याच्या पुढचा ऊसही.

आधी डोंगर. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या सांध्यावर सागरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यातल्या लहान अभयारण्यांपैकी एक. ताडोबाचे किंवा मेळघाटचे रान निसर्गाने शतकानुशतके वाढवले. सागरेश्वरचे रान माणसांनी लावले आहे. मोहित्यांचे वडगावचे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उघड्या पडलेल्या या डोंगरावर जंगल उभे करायचे मनावर घेतले आणि आयुष्य त्यासाठी घातले. खड्डे खणले, रोपे लावली, चराई आणि कुऱ्हाड थोपवण्यासाठी गावकऱ्यांशी वाद घातले आणि त्याच गावकऱ्यांना सोबत घेतले. पुढे तिथे चितळ, सांबर, काळवीट आणून सोडण्यात आले आणि १९८५ साली अभयारण्याची घोषणा झाली. आज ज्या सावलीत बसून आपण हरणाची वाट पाहतो, ती सावली लावलेली आहे. खड्डे खणणाऱ्या आणि उन्हाळ्यात रोपे जगवणाऱ्या असंख्य हातांची नावे कुठल्याही चित्राखाली येत नाहीत.

सागरेश्वराचे देवस्थान मात्र या जंगलाहून फार जुने. पंचक्रोशी त्याला सागरोबा म्हणते. श्रावणात सोमवारी इथे गर्दी उसळते. शेजारचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे आजोळ आणि जन्मगाव. १२ मार्च १९१३ रोजी ते इथे जन्मले आणि 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात त्यांनी इथल्या बालपणाबद्दल मनापासून लिहिले. त्यांच्या लहानपणी हा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली जिल्हा असे पडले. नकाशावरच्या रेघा अशा बदलत गेल्या. या खोऱ्याला खरे बदलवले ते पाण्याने.

सोनहिरा ओढ्याच्या काठचा हा टापू जुन्या माणसांना कोरडवाहू म्हणूनच आठवतो. पावसाच्या भरवशावर बाजरी, भुईमूग, शाळू आणि विहिरीला पाणी असेल त्याच्याकडे थोडा बागायत तुकडा. १९७२ च्या दुष्काळाने इथली घरेच्या घरे मुंबईच्या वाटेला लावली. मग ताकारी उपसा सिंचन योजना आली, कृष्णेचे पाणी उचलून कालव्याने फिरू लागले. त्यानंतर कराडजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी अडवून ते टप्प्याटप्प्याने उपसत कडेगाव, खानापूर, आटपाडीपर्यंत नेणारी टेंभू योजना आली. वांगीला साखर कारखाना उभा राहिला. पाणी पोचले तिथे माळ मोडला, सऱ्या पडल्या, ऊस उभा राहिला. या बदलाला कुणी नावे ठेवू नयेत. पाण्यासाठी या लोकांनी दोन पिढ्या वाट पाहिली आहे. घरात दोन वेळची चूल निर्धास्त पेटते ती या पाण्यावर.

हरणांसाठी मात्र या पाण्याने सगळा हिशेबच बदलला. उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत वाळते आणि खाली कालव्याच्या कडेला हिरवेगार. उसात लपायला जागा, सरीत ओल, बांधाला कोवळे. तारेच्या कुंपणाला कुठे वाट मिळाली की कळप खाली उतरतो. काही जनावरे तर आता शेतातच राहिली आहेत. कारखान्याचा हंगाम सुरू होऊन उसाला तोड आली की त्यांचा आडोसा एका दिवसात भुईसपाट होतो. मग ती बावरून रस्त्यावर येतात, गाडीखाली सापडतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात. काळविटाची अडचण आणखी वेगळी. तो मोकळ्या माळाचा प्राणी. दूरवर नजर आणि पळायला जागा हेच त्याचे संरक्षण. डोंगरावर झाडी दाटली आणि खालचा माळ उसाखाली गेला, तर त्याने उभे राहायचे कुठे? अहिल्यानगर जिल्ह्यात रेहेकुरीचे, पुणे जिल्ह्यात सुप्याजवळ मयूरेश्वरचे अभयारण्य माळरानाच्या जनावरांसाठीच राखले गेले आणि दोन्ही आकाराने लहानच आहेत. पडीक म्हणून ज्या जमिनीकडे आपण पाहतो, ती कुणाचे तरी घर असते. आमच्या धोरणांना ही गोष्ट अजून पुरती उमगलेली नाही.

आता शेतकऱ्याकडे वळू. थंडीतल्या एखाद्या सकाळी अभयारण्यालगतच्या हरभऱ्याच्या रानात उभे राहून पाहावे. काल संध्याकाळी एकसारखे दिसणारे पीक मधोमध पट्टा मारल्यासारखे बोडके झालेले असते. रोपे उपटलेली नसतात, शेंडे तेवढे खुडलेले असतात, तेही कोवळे निवडून. पाणी पाजलेल्या सरीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे खोलवर उमटलेले असतात. मोठ्या ठशांमध्ये लहान ठसे, म्हणजे माद्या पाडसांसह आल्या होत्या. बांधाला बांधलेल्या जुन्या साड्या वाऱ्यावर फडफडत असतात आणि त्यांना हरणे केव्हाच सरावलेली असतात. शेतकरी खिशातून मोबाइल काढतो आणि त्या बोडक्या पट्ट्याचे, ठशांचे, तुटलेल्या तारेचे फोटो घेतो. पंचनाम्याला उपयोगी पडतील म्हणून.

आमच्या मते हेही हरणांचेच छायाचित्रण आहे. या खोऱ्यातल्या हरणांबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेले फोटो महागड्या लेन्सवाल्यांकडे नाहीत, ते अभयारण्याला लागून असलेल्या शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. कळप कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने, कोणत्या पिकावर आला, हे त्यांत नोंदलेले आहे. पण पंचनामा झाला की ते पुसले जातात. प्रदर्शनात ते लागत नाहीत, कारण त्यांत हरीण दिसत नाही.

हरणाने केलेल्या पीकनुकसानीला भरपाई देण्याची तरतूद राज्यात आहे. ती वेळेवर मिळावी यासाठी शेतकऱ्याला खेटे घालावे लागू नयेत, ही मागणी आम्ही यापूर्वीही केली आहे आणि आज पुन्हा करतो. रात्र रात्र माळ्यावर बसून राखण करणाऱ्या माणसाने तरीही हरणावर हात उचलला नाही, म्हणून फोटो काढायला हरीण शिल्लक राहिले. त्याला ते फुकटात पडलेले नाही.

अभयारण्याच्या आतही प्रश्न आहेच. कुंपणात चितळांची वीण वाढत राहिली आणि जागा मात्र तेवढीच राहिली. गेल्या काही वर्षांत इथली चितळे पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात सोडण्याचे काम वनखात्याने हाती घेतले आहे. कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली झालेल्या त्या प्रकल्पात वाघाला पुरेसे भक्ष्य हवे आहे. एका डोंगराची गर्दी कमी व्हावी आणि दुसऱ्या रानाला जीव यावा, हा विचार आम्हाला पटतो. मात्र जनावर हलवणे नाजूक काम आहे. हरीण भेदरून फार धावले किंवा धडपडले तर त्याच्या स्नायूंना अशी इजा होते की पळापळ थांबल्यावरही ते दगावू शकते.

हाच धोका फोटोच्या नादातही आहे आणि तो पुरेसा बोलला जात नाही. काळविटाची उडी टिपायची म्हणून मोटारसायकल मागे लावणे, कळप पांगावा म्हणून ड्रोन खाली आणणे, जवळ यावे म्हणून बिस्किटे टाकणे, हे प्रकार थांबलेच पाहिजेत. गाभण मादी अशा पळापळीत पाडस गमावू शकते. चितळाने पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपूट वर केली, की तुम्ही फार जवळ गेलात असे समजावे आणि मागे सरकावे. नराची नवी शिंगे मखमली कातडीखाली वाढत असतात तेव्हा ती दुखरी असतात. त्या काळात त्याला झुडपात रेटू नये. गळून पडलेले शिंग उचलून घरी आणू नये, तो गुन्हा आहे. आणि रील टाकताना नेमके ठिकाण जाहीर करू नये. ते फक्त हौशी मंडळीच पाहतात असे नाही, शिकारीही पाहतात.

आपल्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातले लेखक व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात जात. पुढे ते वही घेऊन जाऊ लागले आणि मराठीला रान पाहायला शिकवले. त्यांच्या लिहिण्यात जनावर कधी एकटे नसते. त्याच्या भोवती ऋतू असतो, माती असते, त्या मातीत राहणारी माणसे असतात. कॅमेरा घेतलेल्या आजच्या तरुणांनी त्यांच्याकडून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ होईल. लेन्स थोडी मागे घ्या. तार येऊ द्या चौकटीत, उसाचे तुरे येऊ द्या, कालवा येऊ द्या, राखणीचा माळा येऊ द्या. चित्राखाली प्राण्याच्या नावाबरोबर गाव, महिना आणि शेतातले पीक लिहा. दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागेवर उभे राहून एक चित्र घ्या. प्रत्येक चितळाच्या ठिपक्यांची नक्षी वेगळी असते, त्यामुळे अशा चित्रांतून एखादे जनावर पुन्हा ओळखताही येते. दहा वर्षांनी हीच चित्रे खोऱ्याचा दप्तरी पुरावा ठरतील आणि कुंपण कुठे घालायचे, माळ कुठे राखायचा, विहिरींना कठडे कुठे आधी बांधायचे, हे ठरवताना अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

वनखात्याला आणि प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांना आमची विनंती आहे की यंदा भिंतीचा एक भाग शेतकऱ्यांच्या मोबाइलमधल्या फोटोंसाठी ठेवावा. पुरस्कारविजेत्या चितळाशेजारी खुडलेला हरभरा लागू द्या. पाहणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी दिसले पाहिजेत.

दुसरी विनंती वाचकांना. देवराष्ट्रे, मोहित्यांचे वडगाव, कुंभारगाव, कुंडल, ताकारी या गावांत अनेकांच्या घरी जुने फोटो आहेत. लग्नाची वरात, शाळेचा वर्ग, नवी बैलजोडी, जत्रेतले कुस्तीचे मैदान. त्यांपैकी काहींच्या मागे झाडी येण्याआधीचा तो उघडा डोंगर नक्की असेल. मोहित्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काय केले, हे नव्या पिढीला सांगायला त्याहून मोठा पुरावा नाही. या सप्ताहात पेटी उघडून ते फोटो बाहेर काढा, मागे पेन्सिलीने गाव आणि साल लिहा आणि एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा शाळेत आणून द्या.