साठ मावळे आणि एक अंजूर

'फर्जंद' (2018) पाहून आमचे विद्यार्थी भारावून गेले होते. तेव्हापासून मनात असलेला एक आक्षेप आज नोंदवतो.

दिग्पाल लांजेकर यांच्या या चित्रपटाचा विषय कोंडाजी फर्जंदांनी 1673 साली साठ माणसांनिशी घेतलेला पन्हाळा. घटना खरी, थरारकही. आमचा आक्षेप साच्यावर आहे. निवडक वीर, कठोर सराव, घामाने चमकणारे दंड आणि मग ती एक रात्र : युद्धपटांचा हा साचाच आता इतिहास म्हणून खपू लागला आहे. चित्रपटात बहिर्जी नाईक आहेत, हे मान्य. पण तिथे हेरही पुन्हा नायकच होतो. गाव कुठे दिसत नाही.

हे आम्ही गणेशपुरीत बसून लिहीत आहोत. जवळच वज्रेश्वरीचे देऊळ आहे. वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांचा नवस फेडण्यासाठी ते उभे राहिले. त्या मोहिमेचे मूळ मात्र याच भिवंडी तालुक्यातील अंजूरला आहे, हे वर्गात एकासही ठाऊक नव्हते. गंगाजी नाईक अंजूरकर व त्यांच्या बंधूंनी फिरंगी अंमलाच्या जाचाविरुद्ध वर्षानुवर्षे खटपट केली, पेशव्यांकडे खेटे घातले. मार्च 1737 मध्ये मराठे खाडी ओलांडून साष्टी बेटावर उतरले आणि ठाण्याचा अर्धवट बांधलेला किल्ला हाती आला. अशा रात्रीची तयारी दांडपट्ट्याने होत नाही. उतार कुठे, ओहोटी केव्हा, तटाचे काम कुठवर आले, हे जाणणारी माणसे लागतात.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (1961) मधील बेट तर काल्पनिक. तरी तिथल्या कमांडोंना ग्रीक प्रतिकारकांची सोबत घ्यावीच लागते. आमचे बेट खरे आहे, त्यावरून रोज लोकल धावतात.

चित्रपटास नायक लागतो, असे कोणी म्हणेल. लागो. गंगाजी नाईकांत काय उणे आहे? खेटे घालणारा माणूस पडद्यावर पीळदार दिसत नाही, एवढेच. वसईची अडचण तर याहून मोठी. मे 1739 मध्ये ती पडली ती तटाखाली सुरुंग पेरून, खणत आणि मरत. सुरुंग खणणाऱ्यास संवाद कोण लिहिणार?

यंदा वर्गाची सहल पन्हाळ्यास निघाली आहे. आम्ही अंजूर सुचवले. मुलांनी विचारले, तिथे पाहण्यासारखे काय आहे?