कर्ज मागताना खात्याची किल्ली देऊ नका

यंत्रमागाचा आणि कापडाचा धंदा उधारीवर चालतो, हे या पानाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. सूतवाला थांबत नाही, सायझिंगवाला थांबत नाही, शुक्रवारच्या सुट्टीआधी मजुराच्या हातात आठवड्याचा पगार पडलाच पाहिजे; आणि विकलेल्या ग्रे कापडाचे पैसे मात्र दोन-दोन महिने येत नाहीत. मधले हे दिवस काढायला कर्ज लागते. व्याजाचा मसला ज्याने त्याने आपल्या उलेमांना विचारून ठरवावा, तो आजचा विषय नाही. प्रश्न एवढाच आहे की, कर्जाचा अर्ज करताना आपण समोरच्याच्या हाती नेमके काय देतो?

पूर्वी घराचा उतारा, घरपट्टीची पावती आणि दोन जामीनदार लागत. हल्ली कर्ज देणारा सर्वांत आधी खात्याचे स्टेटमेंट मागतो. सहा महिन्यांत किंवा वर्षभरात किती रक्कम आली, किती गेली, किती चेक परत गेले, हे पाहून तो आपली पत ठरवतो. यात गैर काही नाही. ज्याचे पैसे जाणार आहेत त्याने हिशेब पाहावाच. पण वही दाखवणे वेगळे आणि गल्ल्याची किल्ली देणे वेगळे. नेटबँकिंगचा युजर आयडी आणि पासवर्ड ज्याच्याकडे गेला, तो आपला सारा हिशेब तर वाचतोच, शिवाय पैसे बाहेर पाठवण्याच्या दारापर्यंत जाऊन उभा राहतो. मग राहतो फक्त ओटीपी. आणि तो ‘व्हेरिफिकेशन’ या नावाखाली फोनवर मागून घेतला जातो. नाहीतर मोबाईलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे ॲप टाकायला सांगतात. अशा एका ॲपबाबत रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केले होते.

माझ्या दुकानात एका कर्ज देणाऱ्या कंपनीचा मुलगा आला होता. बोलायला गोड. म्हणाला, “शेठ, स्टेटमेंटसाठी शाखेत कशाला खेटे घालता? आयडी-पासवर्ड टाका, दोन मिनिटांत सिस्टम स्वतःच काढून घेईल.” मी म्हटले, बँकेचा शिक्का मारलेले स्टेटमेंट देतो, ते घेऊन जा. तर म्हणे, त्यात वेळ जाईल, ऑफर संध्याकाळपर्यंतच आहे. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावले. पन्नाशी ओलांडलेल्या व्यापाऱ्याला एवढे तरी कळते की संध्याकाळपर्यंतचा भाव सांगणारा दलाल माल कसा विकत असतो.

तो मुलगा ठगच होता असे मी म्हणणार नाही. पासवर्ड घेऊन स्टेटमेंट काढण्याची ही पद्धत काही रीतसर कंपन्याही वापरत आल्या आहेत. पण आता तिची गरज उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाच्या कंपन्यांसाठी नियम केले आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून मोठ्या बँका त्यात उतरल्या. यात पासवर्ड कोणालाच द्यायचा नसतो. बँकेत नोंदवलेल्या मोबाईल नंबरावर ओटीपी येतो, तो आपणच आपल्या मोबाईलवर टाकायचा, कोणाला सांगायचा नाही. कोणते खाते, किती महिन्यांचा हिशेब, कोणत्या कामासाठी आणि किती दिवस पाहू द्यायचा, हे संमतीपत्रात लिहिलेले असते आणि दिलेली संमती मागेही घेता येते. हिशेब कुलूपबंद लिफाफ्यासारखा कर्ज देणाऱ्याकडे जातो. मधल्या कंपनीला तो वाचता येत नाही. एवढी खटपट नको असेल तर स्टेटमेंटची प्रत द्या. कर्ज देणाऱ्याचे तेवढ्याने भागत नसेल तर दुसरा पाहा.

आता नुकसान झाले तर ते कोणाचे? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात हे ठरवून दिले. ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्यानेच गडबड केली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण ग्राहकाने स्वतःच पासवर्डासारखी माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे आपल्या हाताने किल्ली दिली की बँकेशी भांडायची जागाही आपणच घालवून बसतो. आणि खात्यातला पैसा तरी सगळा आपला कुठे असतो? त्यात सूतवाल्याचे देणे असते, मजुराचा पगार असतो.

कटू वाटेल, पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांना बँकेचा इंग्रजी फॉर्म म्हणजे डोंगर. म्हणून मोबाईल उचलून दुसऱ्याच्या हातात द्यायची सवय लागली: कधी झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा, कधी मुनीम, कधी कर्जाचा दलाल. पासवर्ड डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आणि डायरी गल्ल्यावर पडलेली! मुनीम इमानदार असेलही, पण व्यवस्था इमानदारीच्या भरवशावर सोडता येत नाही. अनेक बँका व्यापारी खात्यावर मुनीमासाठी वेगळा आयडी देतात. त्याला फक्त हिशेब पाहता येईल, किंवा तो नोंद तयार करील आणि मंजुरी मालक देईल, असे ठरवून घेता येते. शाखेत जाऊन विचारा. भाषेचे म्हणाल तर, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या नव्या मुदत कर्जांवर व्याज आणि सर्व खर्च दाखवणारे एक पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणे बंधनकारक केले गेले. ते मागण्यात लाज कसली?

यापुढची पायरी आणखी वाईट. “खात्यात उलाढाल दाखवू, म्हणजे मोठे कर्ज मिळेल,” असे सांगून काही जण पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्डसुद्धा घेऊन जातात. मग त्या खात्यातून कोणाचा तरी लुबाडलेला पैसा फिरतो आणि पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या नावावर. मालेगावात २०२४ साली नोकरीच्या आमिषाने तरुणांची कागदपत्रे घेऊन एका सहकारी बँकेत खाती उघडली आणि त्यांतून शंभर कोटींहून अधिक रक्कम फिरवली, अशी तक्रार झाली. त्याच नोव्हेंबरात ईडीने छापे टाकले. त्यावर राजकारण किती झाले ते सोडा. ज्यांच्या नावावर खाती होती, ती साधी मुले होती.

मुद्रा कर्जाच्या नावाने फिरणाऱ्यांचेही तेच. या योजनेला कोणी एजंट नेमलेला नाही आणि मुद्रा ही संस्था कर्जदाराला थेट कर्ज देत नाही. कर्ज बँका, बिगर-बँक वित्त कंपन्या आणि सूक्ष्म वित्तसंस्था यांच्याकडून मिळते. ॲपवरून कर्ज घेणाऱ्यांनी २०२२ चा नियम लक्षात ठेवावा: रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात आली पाहिजे आणि ॲपला मोबाईलमधली नावे-नंबरांची यादी किंवा फोटो उघडण्याचा अधिकार नाही. मागत असेल तर ते ॲप काढून टाका.

कोणी पासवर्ड देऊन बसलाच असेल तर शरमेने गप्प राहू नये. प्रथम बँकेला कळवून खात्याचे नेटबँकिंग बंद करावे आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा, उद्यावर टाकू नये. मग शाखेत जाऊन पाहावे की खात्यावर नोंदवलेला मोबाईल नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना, पैसे पाठवण्याच्या यादीत कोणी अनोळखी नाव घातले आहे का, दरमहा हप्ता कापण्याची परवानगी कोणाला दिली गेली आहे का. पडदा दाखवणारे ॲप ज्या मोबाईलमध्ये असेल, त्या मोबाईलवरून नवा पासवर्ड घालू नये. ते काम दुसऱ्या मोबाईलवरून किंवा शाखेतच करावे.