भिंतीआडची माया

अमेरिकी लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ ही कादंबरी १९९३ साली आली. कथा सुरू होते २०२४च्या जुलैत, लॉस एंजेलिसजवळच्या रोब्लेडो या काल्पनिक गावात. पावसाने वर्षानुवर्षे तोंड फिरवलेले, पाणी पेट्रोलहून महाग. २०२५च्या फेब्रुवारीत वस्तीत आग लागल्याची नोंद नायिकेच्या डायरीत आहे. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या जानेवारीत लॉस एंजेलिसजवळचेच अल्टाडेना हे गाव वणव्यात होरपळले. बटलर यांचे दफन याच गावात झाले आहे.

साहजिकच या पुस्तकाला भविष्यवाणी म्हटले जाते. हे कौतुक सोयीचे आहे, कारण भाकीत म्हटले की दोष नियतीच्या माथी मारता येतो. बटलर यांनी आपली रीत सांगून ठेवली होती: आज आपण ज्या प्रश्नांकडे काणाडोळा करतो, त्यांना तीस वर्षे वाढू दिले की काय होईल, एवढेच त्यांनी पाहिले.

म्हणून कादंबरीत निसर्गाइतकीच माणसांची व्यवस्थाही कोसळते. समुद्रकाठचे ऑलिव्हार हे गाव सुरक्षिततेच्या आशेने स्वतःला एका कंपनीच्या हवाली करते. डोक्यावर छप्पर मिळते. पण मजुरीत भागत नाही, कर्ज चढते आणि वेठबिगारी परत येते. ज्यांना हेही जमत नाही, ते भिंत बांधतात.

अशाच एका भिंतीआड नायिका लॉरेन ओलामिना वाढते. समोरच्याची वेदना तिला स्वतःच्या अंगात जाणवते. संकट ओळखून ती मैत्रिणीला सावध करते, तर मैत्रीण घाबरून ते घरी सांगते. वडील लॉरेनला समजावतात की लोकांना भिववण्यापेक्षा शिकवावे. सल्ला शहाणपणाचा आहे, पण शिकवणी भिंतीच्या आतल्यांपुरतीच राहते. बाहेरचे बाहेरच राहतात आणि २०२७ साली भिंत फोडून वस्ती जाळली जाते.

पुढे महामार्गावरून उत्तरेकडे चालताना लॉरेनला बँकोल भेटतो. ती अठरा वर्षांची, तो सत्तावन्नचा डॉक्टर. त्याच्याकडे उत्तरेत जमीन आहे. बाकीच्यांना सोडून तिने एकटीने आपल्याबरोबर यावे, असे तो सुचवतो. प्रेमकथा इथेच सुखान्त करता आली असती. लॉरेन मात्र वाटेत जोडलेल्या माणसांना सोडत नाही आणि त्या जमिनीवर सगळ्यांचीच वस्ती उभी राहते. दोघांपुरते प्रेम हीसुद्धा एक छोटी भिंतच असते, हे बटलर यांनी ओळखले होते.

टंचाईत माणसाची माया आटत नाही, आखडते: माझे घर, माझी गल्ली, माझी सोसायटी. हे आपल्याला परके नाही. २०१६ साली लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दुष्काळ ओसरला की आपण ते विसरलो. टँकर मागवणे परवडणारी वस्ती आणि हंडे घेऊन रांगेत उभी राहणारी वस्ती यांतली दरी मात्र अजून तशीच आहे.

तापमानवाढ एकट्याने रोखणे कुणाच्याच हाती नाही. टंचाईच्या दिवसांत पाणी कुणाला, किती आणि कोणत्या क्रमाने मिळावे, हे मात्र पाऊस असतानाच, सगळ्या वस्त्यांना एकत्र बसवून ठरवता येते. घसा कोरडा पडल्यावर असा न्याय होत नाही. आपल्या टाकीपुरता विचार करणाऱ्या समाजाला कोणतीही भिंत वाचवू शकणार नाही.