काट्याची किल्ली पेढीतच असावी



मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज 10 या प्रणालीचा सर्वसाधारण पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला. त्यामुळे पुष्कळ पेढ्यांवर भुईकाट्याचा जुना संगणक काढून नवा बसविण्याचा प्रश्न उभा आहे. हे काम दुरुस्ती करणाऱ्या मुलावर सोपवून आपण गादीवर निश्चिंत बसतो. ही रीत धोक्याची आहे, असे माझे नम्र मत आहे.

काट्याचे वजन लोडसेल व इंडिकेटर यांत ठरते आणि त्यावर वैधमापन खात्याचे सील असते. संगणकातील सॉफ्टवेअर तो आकडा तारेवाटे घेते, रिकाम्या गाडीचे वजन वजा करते आणि पावती छापते. तेव्हा संगणक बदलताना सीलला हात लावण्याचे कारणच नाही. कोणी ते तोडू लागल्यास त्यास तत्काळ थांबवावे. तुटलेच तर फेरतपासणी होईपर्यंत काटा वापरू नये.

तथापि सील शाबूत असूनही पावती चुकू शकते. आकडा कोणत्या पोर्टातून, किती वेगाने व कितव्या अक्षरापासून वाचावयाचा, हे सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेले असते. नव्या संगणकास बहुधा जुने सिरियल पोर्ट नसते. मध्ये जोडणी घालावी लागते व पोर्टाचा क्रमांक बदलतो. वाचन एका अंकाने अपुरे पडले, तर 12,340 किलोचे 1,234 होतात. ही चूक लहान मूलही पकडील. परंतु गाड्यांची रिकामी वजने जुन्या यादीतून उतरली आणि एखाद्या गाडीचे 4,260 ऐवजी 4,200 राहिले, तर प्रत्येक खेपेस 60 किलो माल कागदावर अधिक दिसेल आणि ते कोणाच्या ध्यानातही येणार नाही. हीनाधिक माप हा अचौर्यव्रताचा अतिचार आहे, हे आपल्या घरांत निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट लायसन्सची. काही सॉफ्टवेअर डोंगलवर चालतात, काही त्या एका संगणकाशीच बांधलेली असतात. दुसऱ्या प्रकारात जुन्या यंत्रावरील लायसन्स आधी रीतसर सोडवून घ्यावे लागते. ते न करता जुना संगणक पुसला अथवा भंगारात दिला, की विक्रेत्याच्या दारी खेटे घालणे आले. नोंदणी दुरुस्ती करणाऱ्याच्या नावे व त्याच्याच ईमेलवर असेल, तर काटा आपला आणि किल्ली त्याची, अशी अवस्था होते. मग ‘शेठजी, फुकटची प्रत टाकून देतो’ असे कोणी सुचवितो. चोरीच्या प्रतीवर छापलेल्या पावतीने आपण शेतकऱ्यास प्रामाणिकपणाची ग्वाही कोणत्या तोंडाने द्यावी?

1958 च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने येऊ लागली आणि 1962 च्या एप्रिलपासून सक्तीची झाली. मण-शेरांत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी तो बदल निभावला. आपल्यापुढील काम त्या मानाने किरकोळ आहे.

यास्तव माझी सूचना अशी. लायसन्सचे बिल, क्रमांक व डोंगल तिजोरीत ठेवावे. नोंदणी पेढीच्या नावे करून घ्यावी. सर्व सेटिंग्ज एका वहीत उतरवाव्यात, पडद्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि पावत्यांच्या नोंदींची प्रत निराळी काढावी. पावतीचा अनुक्रम जेथे थांबला तेथूनच पुढे चालवावा. बदलाच्या दिवशी एकच गाडी रिकामी व भरलेली चढवून इंडिकेटर, पडदा आणि पावती हे तिन्ही आकडे मालकाने स्वतः ताडून पाहावेत. गाड्यांची रिकामी वजने नव्याने घ्यावीत. निदान पंधरा दिवस जुना संगणक तसाच राखावा.

एवढ्यास एक दिवस मोडेल. हंगाम सुरू होण्यापूर्वी तो दिवस काढावा. माल दारात उभा असताना काढू म्हटल्यास तो मिळत नाही.