हार्ड रॉकचा सातबारा कुणाच्या नावावर?

मागच्या वर्षी जयंतीच्या तयारीची बैठक आमच्या वस्तीतल्या विहारात झाली. मंडपाचा खर्च, मिरवणुकीचा मार्ग, व्याख्यानाला कुणाला बोलवायचे, हे सगळे ठरल्यावर एका तरुणाने हात वर केला. हा मुलगा नाशिकच्या एमआयडीसीत पॉवर प्रेसवर कामाला आहे. दिवसा पत्रा कापतो आणि रात्री खोलीवर इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. त्याने विचारले, "सांस्कृतिक कार्यक्रमात मला दहा मिनिटं द्याल का? मी आणि माझा मित्र दोन-तीन रॉकची गाणी वाजवू."

बैठकीत हसू पिकले. मग आमचे एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते म्हणाले, "अरे बाळा, हे आपलं वाद्य आहे का? ते बड्या घरच्या पोरांचं काम. आपल्याकडे ढोलकी आहे, पेटी आहे, वामनदादांची गाणी आहेत. ते वाजव ना."

"बरं नाना," म्हणून मुलगा खाली बसला. मीही गप्प बसलो.

घरी जाताना त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली. सुरुवातीला तो शहरातल्या एका क्लासमध्ये गिटार शिकायला गेला होता. तिथल्या सरांनी त्याला वरून खालपर्यंत पाहिले आणि विचारले, "इंग्लिश मीडियम का? ही गाणी तुला झेपतील का?" तो परत गेला नाही. म्हणजे क्लासवाला म्हणतो हे तुझे नाही आणि आपला नानाही म्हणतो हे तुझे नाही. दोघांची भावना वेगळी आहे हे मला मान्य आहे. पण मुलाच्या हाती दोन्हीकडून एकच उत्तर आले. त्या संध्याकाळी मी जे बोलायला हवे होते ते आज लिहितो आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. हार्ड रॉक हे साहेबांच्या बंगल्यात जन्मलेले संगीत नाही. त्याचा सातबारा काढून पाहिला तर त्यावर कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांची, गिरणी-कारखान्यातल्या कामगारांची आणि पालावर राहणाऱ्या भटक्यांची नावे निघतात. आपल्या मुलामुलींनी ही गाणी जरूर शिकावीत. मात्र ती नावांसकट शिकावीत.

आधी आवाजाचेच पाहू. इलेक्ट्रिक गिटारचा तो फाटलेला, गुरगुरणारा आवाज, ज्याला डिस्टॉर्शन म्हणतात, तो कुठल्या प्रयोगशाळेत ठरवून तयार झाला नाही. १९५१ साली मेम्फिस शहरात आइक टर्नर या काळ्या संगीतकाराच्या बँडने 'रॉकेट ८८' हे गाणे रेकॉर्ड केले. वाटेत गिटारचा अँप खराब झाला होता. दुसरा अँप आणायची सोय नव्हती, म्हणून फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि विली किझार्टने तसाच वाजवला. तो बिघडलेला आवाजच लोकांना आवडला. अनेक जाणकार या गाण्याला रॉक अँड रोलच्या पहिल्या गाण्यांपैकी एक मानतात. पण रेकॉर्डवर बँडप्रमुख टर्नरचे नाव आलेच नाही. ती गायक जॅकी ब्रेन्स्टनच्या नावाने निघाली, आणि किझार्ट तर बहुतेकांना ठाऊकही नाही. जो आवाज पुढे लाखो रुपयांची यंत्रे वापरून काढला गेला, तो गरिबीतल्या एका जुगाडातून आला होता.

नाव गायब होण्याची गोष्ट इथे थांबत नाही. लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडचे 'होल लॉटा लव्ह' हे १९६९ चे गाणे गिटार शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी वाजवतो. त्याच्या शब्दांचा मोठा भाग मिसिसिपीत जन्मलेल्या विली डिक्सन यांच्या गाण्यातून आला होता. ते गाणे मडी वॉटर्स यांनी १९६२ सालीच गायले होते. झेपेलिनच्या रेकॉर्डवर डिक्सन यांचे नाव नव्हते. डिक्सन १९८५ साली कोर्टात गेले, १९८७ साली तडजोड झाली आणि नंतर त्यांचे नाव गाण्याला लागले. याच डिक्सन यांनी ब्लूज कलावंतांना त्यांचे हक्क मिळावेत म्हणून एक संस्थाही उभी केली. लढल्याशिवाय नाव लागत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

झेपेलिनच्याच १९७१ च्या रेकॉर्डवर 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे गाणे आहे. मूळ गाणे मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय या काळ्या जोडप्याने १९२९ साली रेकॉर्ड केले. १९२७ साली मिसिसिपी नदीला आलेल्या महापुराचे ते गाणे आहे. त्या पुरात काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकाने बंधाऱ्यावर राबवले गेले, त्यांना छावण्या सोडून जायची मुभा नव्हती आणि मदतवाटपात भेदभाव झाला. आज तरुण पोरे ते गाणे ढोलाच्या दणदणीत आवाजासाठी ऐकतात. त्यात कुणाचे घर वाहून गेले होते हे ठाऊक असेल तर हात वेगळा चालतो.

आता इंग्लंडमध्ये या. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तिथल्या अ‍ॅस्टन भागातल्या कामगार घरांतून १९६८ साली ब्लॅक सॅबथ हा बँड उभा राहिला. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात काम करायचा. १७ व्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्याला दुसऱ्या कामगाराच्या जागी प्रेस मशीनवर उभे केले. मशीन खाली आले आणि उजव्या हाताच्या दोन मधल्या बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. डॉक्टरांनी सांगितले की गिटार विसर.

तेव्हा कारखान्याच्या मॅनेजरने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली. जँगो हा रोमा जमातीचा. युरोपभर हाकलल्या गेलेल्या आणि पुढे नाझींनी कत्तल केलेल्या या भटक्या जमातीची मुळे भारतातली आहेत. १९२८ साली राहत्या गाडीला लागलेल्या आगीत जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांवर तो जगातल्या थोर गिटारवादकांत जाऊन बसला. ते ऐकून आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिच्या टोप्या करून बोटांवर बसवल्या आणि वर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून पातळ तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या रेकॉर्डवर तर बऱ्याच गाण्यांत तारा दीड सूर सैल केल्या. त्याने आवाज अधिक जड आणि काळोखा झाला. आज जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्याच्या जन्मात एका कामगाराच्या कापलेल्या बोटांचा वाटा आहे.

प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या ओळखीत बोटे गमावलेले कामगार आहेत. मला सांगा, या संगीतावर त्याच्यापेक्षा त्या क्लासवाल्या सरांचा हक्क जास्त कसा?

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्यांचे संगीत होते त्यांनाच पुढे ते परके ठरवले गेले. जिमी हेंड्रिक्ससारखा वादक होऊन गेल्यावरही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्या काळ्या कलावंतांना सांगायच्या की तुमचे रॉक विकले जाणार नाही, रॉक हे गोऱ्यांचे. याविरुद्ध गिटारवादक व्हर्नन रीड आणि त्यांच्या साथीदारांनी १९८५ साली न्यूयॉर्कमध्ये 'ब्लॅक रॉक कोअॅलिशन' ही संघटना काढली. रीड यांच्या 'लिव्हिंग कलर' या बँडच्या गाण्याला १९९० साली हार्ड रॉकचा ग्रॅमी मिळाला. आधी घ्यायचे, मग दारावर पाटी लावायची की तुम्हाला प्रवेश नाही. ही रीत आपण दुसरीकडेही पाहिली आहे. अशा पाटीला आपल्याच माणसाने हातभार लावावा का, एवढाच माझा नानांना प्रश्न आहे.

नाना म्हणतील, पण मग ढोलकीचे काय? ढोलकी आहेच. वामनदादांची गाणी आहेतच. एक वाद्य शिकले की दुसरे विसरावे लागते असा नियम नाही. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, ते काही आपल्या गावगाड्यातले वाद्य नव्हते. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतले, म्हणून चळवळ परकी झाली नाही. आणि २०१७ साली चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'द कास्टलेस कलेक्टिव्ह' पाहा. एकाच मंचावर पराई, गाना आणि इलेक्ट्रिक गिटार. पराई म्हणजे ज्या वाद्याला अस्पृश्यता चिकटवली होती ते. तिच्या शेजारी गिटार उभी राहिली म्हणून पराईचा आवाज दबला नाही.

आता शिकायचे कसे, हेही बोलू, कारण नुसत्या इतिहासाने बोटे चालत नाहीत.

पहिली अडचण पैशाची. नवी साधी गिटार आणि छोटा अँप म्हणजे कामगाराच्या पगाराला मोठे भोक. म्हणून जुनी गिटार बघा, मान वाकलेली नाही ना एवढे जाणकाराकडून तपासून घ्या. अँप लगेच नको. फोनला जोडून हेडफोनवर वाजवता येते. एका खोलीच्या घरात तर इलेक्ट्रिक गिटार उलट सोयीची, कारण अँपविना तिचा आवाज शेजारच्या झोपलेल्या लेकराला उठवत नाही. सुरुवातीला पातळ तारांचा, नऊ नंबरचा सेट लावा. पहिला महिना बोटे दुखतील, कातडी सोलेल. सोडू नका.

दुसरी गोष्ट, सूर. हार्ड रॉकचा पाया पाच सुरांचा आहे: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे धानी रागात हेच सूर लागतात. त्यात मधूनच तीव्र म घातला की ब्लूजचा रंग येतो. डीप पर्पलचे 'स्मोक ऑन द वॉटर' अवघ्या चार सुरांवर उभे आहे: सा, कोमल ग, म आणि तीव्र म. ४ डिसेंबर १९७१ रोजी स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो शहरातला कसिनो जळाला, तलावावर धूर पसरला, त्यावर ते गाणे आहे. बहुतेक नवखे ते पिकाने खडखडाट करून वाजवतात. मूळ वादक रिची ब्लॅकमोर दोन तारा बोटांनी एकदम खेचतो, म्हणून त्याचा आवाज स्वच्छ येतो. पहिले गाणे म्हणून हेच घ्या.

नंतर पॉवर कॉर्ड. सा आणि प, वाटल्यास वरचा सा, एवढेच. ग गाळायचा, कारण डिस्टॉर्शनमध्ये तो गढूळ होतो. हा आकार पक्का झाला की ब्लॅक सॅबथचे 'आयर्न मॅन' घ्या, गाणे संथ आहे आणि तोच आकार मानेवर सरकवायचा आहे. मग पाम म्यूट, म्हणजे उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकवून वाजवणे. 'होल लॉटा लव्ह'चा सगळा दम जाड तारेवरच्या त्या दबलेल्या ठोक्यात आहे. यूट्यूबवर गाण्याचा वेग निम्मा करता येतो. निम्म्या वेगात चूक न होता दहा वेळा आले की मगच वेग वाढवा. रोज अर्धा तास पुरतो, पण रोज. इंग्रजी येत नाही ही अडचण नाही. रिफला भाषा लागत नाही, आणि शब्दांचा अर्थ मित्राला विचारता येतो.

तिसरी गोष्ट मुलींसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी. इलेक्ट्रिक गिटार हातात घेऊन गर्जणाऱ्या पहिल्या काही वादकांत सिस्टर रोझेटा थार्प ही काळी स्त्री होती, चर्चची गाणी गाणारी. पुढचे कितीतरी प्रसिद्ध पुरुष तिला ऐकत मोठे झाले. १९७३ साली ती गेली आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता. आपल्या बँडमध्ये मुलींना फक्त कोरसला उभे करणार असाल तर हा इतिहास आपण वाचला नाही असे म्हणावे लागेल.

आणि शेवटची गोष्ट त्या मुलासाठी. फक्त काळे टी-शर्ट घालून, केस वाढवून आणि बँडची नावे फेकून वस्तीतल्या इतर पोरांना कमी लेखणार असशील तर नाना बरोबर ठरतील. तू तसा नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून यंदा बैठकीत तू बसून राहा, हात मी वर करतो. दहा मिनिटे मागतो. तू तीन गाणी वाजव. प्रत्येक गाण्याआधी माइकवर मराठीत दोन वाक्ये बोल: हे कुणी बनवले, आणि कुणाचे नाव राहून गेले. विली डिक्सनचे नाव आपल्या विहारासमोर एकदा मोठ्याने उच्चारले जाऊ दे. चौथे गाणे वामनदादांचे घे, ढोलकीवर नानांनाच बसव. ते नाही म्हणणार नाहीत, मी त्यांना ओळखतो.

आणि कारखान्यात हात सांभाळ. प्रेसचा गार्ड काढून काम करायला कुणी सांगितले तर नाही म्हण.